सायटोलॉजीत करिअर करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान शाखेतले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कधी कधी दुसऱ्या लॅबमध्ये काम करणारे टेक्निशियनही मला हे प्रश्न विचारतात. मायक्रोस्कोपखाली माणसाच्या पेशी बघून आजार ओळखणं, म्हणजेच सायटोलॉजी, हे काम बाहेरून फारसं दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल गैरसमजही बरेच आहेत. काही प्रश्नांना लांब उत्तर दिलंय, काहींना दोन ओळी पुरल्या.

सायटोटेक्नॉलॉजिस्ट नेमकं करतो काय?

शरीरातून आपोआप सुट्या होणाऱ्या, ब्रशने खरवडलेल्या किंवा सुईने ओढून घेतलेल्या पेशी काचेच्या स्लाइडवर घेऊन रंगवल्या जातात. सायटोटेक्नॉलॉजिस्ट ती स्लाइड पूर्ण तपासतो आणि कर्करोग, त्याची पूर्वावस्था किंवा संसर्ग यांच्या खुणा शोधतो. गर्भाशयमुखाची पॅप टेस्ट सगळ्यांना माहीत असते. पण थुंकी, लघवी, छातीत किंवा पोटात साठलेलं पाणी, मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव, थायरॉइडची किंवा स्तनातली गाठ, मानेतली सुजलेली लसिकाग्रंथी, हे सगळं याच टेबलावर येतं.

सायटोलॉजीत बहुतेक वेळा पेशी एकेकट्या किंवा छोट्या घोळक्यात येतात. बायोप्सीत उतीचा तुकडा असतो, त्यामुळे पेशींची मूळ मांडणी दिसते. आपल्याला ती मांडणी मिळत नाही. पेशीच्या चेहऱ्यावरूनच सगळं ओळखायचं असतं. या कामाची अवघड बाजू तीच आणि मजाही तीच.

मग हे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब टेक्निशियनसारखंच काम झालं ना?

सुरुवातीचं शिक्षण बऱ्याच अंशी सारखं असतं, काम मात्र वेगळं. रक्तातली साखर मशीन मोजतं, आणि मशीन नीट चालतंय की नाही हे टेक्निशियन पाहतो. सायटोलॉजीत निष्कर्षाचा पहिला टप्पा माणसाच्या नजरेतून जातो. स्क्रीनिंगच्या (त्रास नसतानाही रोग शोधण्यासाठी केलेल्या तपासणीच्या) स्लाइडवर ‘इथे काही नाही’ असं सायटोटेक्नॉलॉजिस्ट म्हणतो, तेव्हा कित्येक देशांतल्या नियमांनुसार तेच अंतिम मत असतं. ही जबाबदारी साधी नाही. हे क्षेत्र निवडताना ती आधी समजून घ्या.

हे शास्त्र आलं कुठून?

ग्रीसमध्ये जन्मलेले जॉर्जिओस पापानिकोलाऊ न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगच्या मासिक चक्राचा अभ्यास करत होते. योनीतल्या पेशींचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) बघून प्राणी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळतं, हे त्यांनी दाखवलं. मग तेच तंत्र त्यांनी स्त्रियांसाठी वापरायला घेतलं. त्यांची पत्नी अँड्रोमाखी लॅबमध्ये त्यांच्यासोबत काम करायची, आणि वर्षानुवर्षं तिने स्वतःचे नमुने अभ्यासासाठी दिले. स्मिअरमध्ये कर्करोगाच्या पेशी दिसतात हे त्यांनी 1928 मध्ये मांडलं. त्याच सुमारास रोमानियात ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे असंच काम केलं होतं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1941 मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबरचा शोधनिबंध आणि 1943 मध्ये दोघांचं पुस्तक आलं, तेव्हा कुठे वैद्यकीय जगाने ही गोष्ट मनावर घेतली.

या इतिहासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. या तपासणीसाठी स्लाइड बघणाऱ्या माणसांची फौज लागेल हे लवकरच सर्वांच्या लक्षात आलं, आणि डॉक्टर नसलेल्या माणसांना फक्त पेशी बघण्याचं पद्धतशीर शिक्षण द्यायला सुरुवात झाली. आपला व्यवसाय त्या गरजेतून जन्माला आला. जिथे स्क्रीनिंग नियमितपणे आणि सगळ्यांपर्यंत पोचलं, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू खूप कमी झाले.

शिक्षण कोणतं लागतं?

जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्कं हवं. सर्वसाधारण मार्ग असा, की जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदवी घ्यायची, मग सायटोलॉजीचा खास अभ्यासक्रम करायचा आणि शेवटी प्रमाणपत्र परीक्षा द्यायची. काही ठिकाणी सायटोलॉजी पदवीतच असते, काही ठिकाणी पदव्युत्तर असते. नियम देशागणिक बदलतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. जिथे नोकरी करायची आहे तिथे ही पदवी चालते का, आणि अभ्यासक्रमात खऱ्या स्लाइडवर किती तास बसायला मिळतं. दुसरा मुद्दा मी जास्त महत्त्वाचा मानतो. व्याख्यानांनी नजर तयार होत नाही.

अभ्यासक्रमात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

निरोगी पेशी बघण्यात. नव्या विद्यार्थ्याला याचं नवल वाटतं. त्याला लवकरात लवकर कॅन्सर बघायचा असतो आणि शिक्षक त्याच्यापुढे नॉर्मल स्लाइडचे ट्रे ठेवत राहतात. पण नॉर्मल ओळखायला शिकणं हा निम्म्याहून जास्त अभ्यास आहे. ओळखीच्या गल्लीत नवखा माणूस शिरला की लगेच लक्षात येतं, पण गल्लीच ओळखीची नसेल तर सगळेच नवखे.

आणि नॉर्मल म्हणजे एकच एक चित्र नसतं. पॅप स्टेनमध्ये (पापानिकोलाऊंच्या नावाच्या रंगवण्याच्या पद्धतीत) गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशी गुलाबी दिसतात, मधल्या थरातल्या निळसर हिरव्या. वयात आलेल्या मुलीची स्लाइड वेगळी, गरोदर बाईची वेगळी, पाळी थांबलेल्या बाईची तर फारच वेगळी. पाळी थांबल्यावर हार्मोन कमी होतात, पेशी लहान राहतात आणि न्यूक्लियस त्या मानाने मोठा वाटतो. नवशिक्याला तिथे हमखास रोग दिसतो. जंतुसंसर्ग, रेडिएशन, गर्भनिरोधक तांबी, नुकतीच भरलेली जखम, या सगळ्यांनी पेशी बदलतात आणि घाबरवतात. हे बदल रोगाचे नाहीत, एवढं ठामपणे म्हणता येण्यासाठी ते खूप वेळा बघावे लागतात.

मधल्या थरातल्या पेशीचा न्यूक्लियस आपली मोजपट्टी असते. संशयास्पद पेशी दिसली की शेजारच्या मधल्या थरातल्या पेशीशी तिची तुलना करायची. सौम्य बदल असलेल्या पेशीत न्यूक्लियसचं क्षेत्रफळ त्याच्या तिपटीहून जास्त असतं. सगळ्या स्लाइडभर हाताशी असलेली अशी मोजपट्टी दुसरी नाही.

एक स्लाइड प्रत्यक्षात कशी बघतात?

आधी कागद. नाव, नंबर, वय, नमुना कुठून घेतला, आधीचे रिपोर्ट. स्लाइडवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत नसेल तर काम तिथेच थांबतं.

मग 10 च्या ऑब्जेक्टिव्हवर (10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) एका कोपऱ्यातून सुरुवात. स्टेज (स्लाइड ठेवायची पाटी) फिरवत सरळ रेषेत खाली जायचं, थोडं बाजूला सरकून वर यायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलाच पाहिजे, नाहीतर मधे न बघितलेली चिंचोळी जागा राहते. काही खटकलं की 40 वर जायचं, बघायचं, त्या पेशीशेजारी शाईचा बारीक ठिपका द्यायचा आणि परत 10 वर येऊन पुढे. पारंपरिक स्मिअर असेल तर काच जवळजवळ पूर्ण भरलेली असते. द्रवात गोळा केलेल्या नमुन्यात (थिनप्रेपसारख्या पद्धतीत) पेशी एका लहान गोलात एकसारख्या थरात पसरलेल्या असतात, रक्त आणि चिकटा बराच कमी झालेला असतो. थिनप्रेपला अमेरिकेत 1996 मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यानंतर बऱ्याच लॅबचं कामच बदललं.

वाईट पेशी नेहमी घोळक्यात, गडद आणि ठसठशीत असतात असं समजू नका. अनुभवी माणसाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लहान, एकेकट्या, फिक्या पेशींची. चिकट्याच्या एका रेघेत, दाहाच्या पेशींच्या मधोमध, आकाराने साध्या पांढऱ्या पेशींपेक्षा जेमतेम मोठी अशी एक पेशी बसलेली असते. 10 वर ती काहीच वाटत नाही. 40 वर बघितली की दिसतं, न्यूक्लियसभोवती पेशीद्रवाची फक्त किनार उरली आहे, न्यूक्लियसच्या कडेला खाच पडली आहे आणि क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधलं डीएनए असलेलं द्रव्य) खरखरीत झालंय. अशी एक सापडली की हात सावकाश चालवायचा आणि तिच्या बहिणी शोधायच्या. त्या बहुधा असतातच.

गर्भाशयमुखाशिवाय दुसऱ्या नमुन्यांत काय वेगळं असतं?

पुष्कळ. माझ्या मते खरा कस छातीतल्या आणि पोटातल्या पाण्यात लागतो. फुफ्फुसावरच्या आवरणाच्या पेशी, म्हणजे मेसोथेलियल पेशी, पाणी साठलं की चवताळल्यासारख्या दिसायला लागतात. न्यूक्लियस मोठे होतात, कधी दोन-दोन होतात, त्यात ठळक ठिपके दिसतात, पेशी विभागतानाही दिसतात. दुसऱ्या कुठल्या अवयवात हे दिसलं असतं तर कॅन्सर म्हटलं असतं. इथे बघायचं असतं ते वेगळंच. सगळ्या पेशी एकाच कुटुंबातल्या वाटतात, की मधे कुणी परकं घुसलंय? मेसोथेलियल पेशी शेजारी शेजारी असल्या तरी त्यांच्यामधे एक चिंचोळी फट राहते. बाहेरून आलेल्या कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा घट्ट गोळा करून, गुळगुळीत कडेच्या असतात. तरीही शंका राहिली तर उरलेल्या पाण्यातल्या पेशींचा सेल ब्लॉक (मेणात बसवलेला घट्ट गोळा) करून कॅलरेटिनिन, बेर-ईपी4 अशा चाचण्या करतात. पहिली सहसा मेसोथेलियल पेशींत उमटते, दुसरी बाहेरून आलेल्या ग्रंथीपेशींच्या कॅन्सरमध्ये.

थायरॉइडच्या गाठीत पॅपिलरी कॅन्सरचे न्यूक्लियस फिके असतात. त्यांच्यावर लांब घडी दिसते आणि कधी आत गोल पोकळीसारखा भाग दिसतो. लघवीत पेशी लवकर कुजतात, त्यामुळे नमुना किती ताजा आहे यावर सगळं अवलंबून. मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाच्या बाबतीत तर अजिबात दिरंगाई चालत नाही.

रंग आणि फिक्सेशन (पेशी आहे तशा टिकवणं) या गोष्टी इतक्या महत्त्वाच्या का?

कारण स्लाइड खराब झाली तर जगातली सर्वोत्तम नजरही निरुपयोगी. पॅप स्टेनसाठी स्मिअर ओला असतानाच 95 टक्के इथेनॉलमध्ये टाकावा लागतो. आधी वाळला की न्यूक्लियस फुगतो, फिका पडतो, क्रोमॅटिनची बारीक नक्षी पुसली जाते आणि पेशीद्रवाचा रंगही बदलतो. गाठीतून सुईने घेतलेल्या नमुन्याच्या काही स्लाइड मात्र मुद्दाम हवेत वाळवून गिम्सा गटातल्या रंगाने रंगवतात. त्यात पार्श्वभूमी आणि पेशीद्रव उत्तम दिसतात. दोन्ही स्लाइड एकमेकींना पूरक असतात.

हे काम टेक्निशियनचं आणि बघणं आपलं, अशी विभागणी मनात करू नका. ज्याला रंगवता येतं त्यालाच कळतं की समोरचं निळं-जांभळं धूसर चित्र रोगाचं आहे की जुन्या झालेल्या हेमॅटॉक्सिलिनचं (न्यूक्लियस रंगवणाऱ्या रंगाचं).

‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट देणं म्हणजे अपयश नाही का?

अजिबात नाही. प्रामाणिक सायटोलॉजीचा तो कणा आहे. बेथेस्डा पद्धतीत (रिपोर्ट लिहिण्याची ठरलेली पद्धत, तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात) पारंपरिक स्मिअरवर साधारण 8,000 ते 12,000 नीट दिसणाऱ्या चपट्या पेशी असाव्यात, द्रवातल्या नमुन्यात किमान 5,000. त्याहून कमी असतील आणि आपण ‘नॉर्मल’ लिहिलं तर त्या बाईला खोटा दिलासा दिला असं होतं. त्यापेक्षा पुन्हा नमुना द्यायला लागलेला बरा. मात्र कमी पेशींतही एखादी खरोखर संशयास्पद दिसली तर ती कळवायचीच. अपुऱ्या नमुन्याच्या नावाखाली ती दडवायची नसते.

रिपोर्टमध्ये ती विचित्र अक्षरं काय असतात?

पूर्वी प्रत्येक लॅबची भाषा वेगळी होती, त्यामुळे डॉक्टरांचा गोंधळ व्हायचा. 1988 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे झालेल्या बैठकीत गर्भाशयमुखाच्या रिपोर्टसाठी एकच भाषा ठरली. 1991, 2001 आणि 2014 मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. ‘एलसिल’ म्हणजे सौम्य बदल, ‘एचसिल’ म्हणजे गंभीर बदल. ‘एएससी-यूएस’ म्हणजे बदल आहेत पण ठामपणे नाव देता येत नाही. थायरॉइडसाठी सहा गटांची बेथेस्डा पद्धत, लघवीसाठी पॅरिस पद्धत, लाळग्रंथींसाठी मिलान पद्धत अशा पद्धती नंतर आल्या. विद्यार्थीदशेतच त्या तोंडपाठ करा.

‘एएससी-यूएस’ हा गट सोयीची पळवाट म्हणून वापरू नका. कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये प्रत्येकाचं या गटाचं प्रमाण तपासलं जातं.

रिपोर्टवर सही कुणाची?

बदल सापडले, किंवा नमुना सुईने घेतलेला असला, तर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची. आपण ठिपके देऊन, आपलं मत लिहून स्लाइड त्यांच्याकडे देतो. मतभेद झाले तर दोन डोक्यांच्या (दोघांना एकाच वेळी बघता येणाऱ्या) मायक्रोस्कोपवर शेजारी बसून बघायचं आणि बोलायचं. तिथे जे शिकायला मिळतं ते कुठल्याच वर्गात मिळत नाही.

दिवसाला किती स्लाइड बघाव्या लागतात?

1980 च्या दशकात अमेरिकेत काही लॅबमध्ये माणसांकडून अफाट वेगाने स्लाइड बघून घेतल्या जात होत्या, नगावर पैसे दिले जात होते, आणि त्यात कॅन्सर निसटत होते. वर्तमानपत्रांनी ते उघड केल्यावर 1988 मध्ये क्लिया नावाचा कायदा आला. त्यानुसार एका माणसाने 24 तासांत जास्तीत जास्त 100 स्लाइड बघायच्या, त्याही किमान आठ तासांत विभागून. शिवाय नॉर्मल ठरवलेल्या प्रकरणांपैकी किमान 10 टक्के पुन्हा तपासायची.

लक्षात घ्या, 100 ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही विचारा: इथे रोज किती स्लाइड, मधे विश्रांती किती, पुनर्तपासणी कशी होते? या प्रश्नावर कुणी त्रासून उत्तर दिलं तर त्या लॅबबद्दल तुम्हाला बरंच काही कळलं.

एखादी पेशी नजरेतून निसटली तर?

ही भीती प्रत्येकाला असते आणि असायलाच हवी. कुठलीही स्क्रीनिंग चाचणी शंभर टक्के अचूक नसते. कधी रोगाची पेशी स्लाइडवर आलेलीच नसते, कधी आलेली असते आणि नजर थकलेली असते. पहिल्यावर आपला ताबा नाही, दुसऱ्यावर आहे. म्हणून दर थोड्या वेळाने उठायचं, बोलत बोलत स्क्रीनिंग करायचं नाही, फोन दूर ठेवायचा. शंका आली तर दुसऱ्याला दाखवायची, लाज वाटून घ्यायची नाही. नंतर बायोप्सीत रोग निघाला तर जुनी स्लाइड काढून पुन्हा बघायची पद्धत असते. ती शिक्षेसाठी नसते. त्या स्लाइडवर परत बसणारा माणूस पुढच्या वेळी जास्त सावध असतो.

एचपीव्ही टेस्ट आली, मग पॅप टेस्ट बघणाऱ्यांचं काय होणार?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू आहे हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझन यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्क्रीनिंगसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. लसीकरणामुळे पुढे रोगच कमी होणार आहे. म्हणजे पॅप स्लाइडची संख्या घटणार, आणि काही देशांत ती घटली आहेच. ही गोष्ट लपवून तुम्हाला या क्षेत्रात ओढणं बरोबर नाही.

पण ज्यांची एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह येते त्यांपैकी कुणाला पुढच्या तपासणीला लगेच पाठवायचं हे ठरवायला अनेक ठिकाणी पेशीच बघतात. ट्रेमध्ये अशा स्लाइडचं प्रमाण वाढलं की बदल असलेल्या पेशी जास्त दिसतात आणि काम अवघड होतं. दुसरीकडे सुईने घेतलेले नमुने वाढत आहेत. फुफ्फुसाच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीतून एंडोस्कोपीने सुई घालतात, तेव्हा सायटोटेक्नॉलॉजिस्ट तिथेच मायक्रोस्कोप घेऊन हजर असतो. काही मिनिटांत स्लाइड रंगवून पेशी पुरेशा आल्या की नाही ते सांगतो. डॉक्टर सुई धरून थांबलेले असतात, पेशंट झोपलेला असतो, आणि तुमच्या एका शब्दावर पुन्हा सुई घालायची की थांबायचं हे ठरतं. त्याच नमुन्यावर पुढे ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकीय तपासण्या होतात आणि औषध ठरतं. म्हणून नव्याने येणाऱ्यांनी फक्त पॅपवर भिस्त ठेवू नये. सुईचे नमुने आणि रेणवीय (मॉलिक्युलर) तपासण्या यांत हात बसवावा.

एआय आपली जागा घेईल का?

संगणकाच्या मदतीने स्लाइड बघणं नवीन नाही. 2003 पासून अमेरिकेत वापरात असलेली एक यंत्रणा स्लाइडमधल्या 22 जागा निवडून माणसासमोर ठेवते. आता पूर्ण स्लाइड स्कॅन करून संशयित पेशींची चित्रं पडद्यावर मांडणाऱ्या यंत्रणाही आल्या आहेत. कंटाळवाणा शोध त्या झपाट्याने करतात, आणि त्याचं मी स्वागत करतो. पण समोर आलेली पेशी रेडिएशनमुळे बिघडली आहे की रोगामुळे, हे पेशंटचा इतिहास वाचून ठरवावं लागतं. तो निर्णय आजही माणूस घेतो. ज्याला स्लाइड स्वतः नीट वाचता येते त्यालाच यंत्राची चूक पकडता येईल.

चष्मा असेल तर चालेल? रंगांधळेपणा असेल तर?

चष्मा चालतो. रंगांधळेपणाबाबत संस्थेचे नियम आधी विचारा. निदान मुख्यतः न्यूक्लियसच्या आकारावर आणि पोतावर चालतं, तरी काही अभ्यासक्रम रंगदृष्टीची चाचणी घेतात.

डोळ्यांपेक्षा मान आणि खांदे जास्त कुरकुरतात. खुर्चीची उंची अशी ठेवा की डोळे आयपीसकडे नेण्यासाठी वाकावं लागणार नाही. कोपर टेकलेले आणि पाय जमिनीवर असू द्या. पहिल्या महिन्यापासून ही सवय लावा.

संसर्गाचा किंवा रसायनांचा धोका असतो का?

असतो, पण नियम पाळले तर आटोक्यात राहतो. न रंगवलेला प्रत्येक नमुना संसर्गजन्य समजूनच हाताळायचा. थुंकीच्या स्लाइड बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये करायच्या, कारण त्यात क्षयाचे जंतू असू शकतात. झायलिन आणि फॉर्मॅलिनसाठी हवेशीर जागा आणि हातमोजे लागतात.

पुढे वाढायला वाव आहे?

वरिष्ठ सायटोटेक्नॉलॉजिस्ट, गुणवत्ता नियंत्रण, शिक्षक, रेणवीय लॅब, डिजिटल पॅथॉलॉजी, संशोधन, निदानयंत्रं बनवणाऱ्या कंपन्या. माझा कल शिकवण्याकडे आहे, कारण चांगले शिक्षक फार कमी आहेत.

मला हे जमेल की नाही हे आत्ताच कसं ओळखू?

एकटं, शांत बसून एकाच गोष्टीकडे बराच वेळ बघणं तुम्हाला आवडतं का, हे आधी बघा. सतत माणसांत राहायला हवं असेल तर दिवस कंटाळवाणे वाटतील. तासभर बघून काहीही न सापडलेली स्लाइडही तुम्हाला पूर्ण झालेलं काम वाटली पाहिजे. अनिश्चितता सहन झाली पाहिजे आणि ‘मला माहीत नाही’ हे मोठ्याने म्हणता आलं पाहिजे.

हुशारीपेक्षा सवय महत्त्वाची, त्यामुळे कागदावरच्या गुणांवरून स्वतःला लगेच बाद करू नका. एखाद्या पॅथॉलॉजी विभागात विनंती करून दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर एक दिवस बसून बघा. वहीत पेशी हाताने काढा: न्यूक्लियस केवढा, कड कशी, आतला पोत कसा. चित्र सुंदर यायची गरज नाही. दुपारनंतरही पुढची स्लाइड बघावीशी वाटली, तर अर्ज भरा.